सगळा दोष थंडीचा

बुलढाण्याच्या माणसाला आपल्या थंडीचा फार अभिमान. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे नागपूरचा नाहीतर अकोल्याचा उन्हाळा उभा राहतो. त्या यादीतून आम्हाला वगळावं, असा आमचा जुना आग्रह आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आमचं गाव. सरकारदरबारी थंड हवेचं ठिकाण म्हणून मान चिखलदऱ्याला, पण आम्ही ते फारसं मनावर घेत नाही. दिवाळी उलटली की घाटाखालच्या पाहुण्यांना, म्हणजे मलकापूर-नांदुऱ्याकडच्यांना, मुद्दाम फोन करायचा आणि गळ्याभोवतीचा मफलर आवाजात आणून विचारायचं, "काय मग, तुमच्याकडे पंखे सुरूच असतील अजून?"

माझा अभिमान मात्र जरा वेगळ्या कारणाने आहे. मी गळ टाकतो. मासे पकडतो असं म्हटलेलं नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. तर मी गळ टाकतो, आणि गळ टाकणाऱ्याला थंडीसारखा आधार दुसरा नाही. रिकाम्या पिशवीने घरी येणाऱ्याला दारातच एक प्रश्न विचारला जातो. वर्षाचे आठ महिने त्या प्रश्नाला उत्तर नसतं. मान खाली घालून चपला काढायच्या, एवढंच. कार्तिक ते माघ मात्र ताठ मानेने सांगता येतं, "थंडी आहे ना! या दिवसांत मासा खात नाही." आणि गंमत म्हणजे हे खरं आहे. शास्त्र माझ्या बाजूने असल्याचे प्रसंग आयुष्यात फार आले नाहीत, त्यामुळे आलेला हा एक जरा तब्येतीत सांगतो.

आपलं, म्हणजे माणसाचं, अंग बाहेर दहा अंश असोत की बेचाळीस, आत सदतीसच राखतं. थंडीत ती ऊब टिकवायला जास्त जळण लागतं, म्हणून भूक वाढते. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येत हेच सांगून ठेवलंय, की हेमंतात जठराग्नी प्रबळ होतो, त्याला भरपूर खायला घाला. आमच्या जिल्ह्यात वाग्भट फारसं कुणी वाचलेले नसले तरी त्यांचा हा आदेश तंतोतंत पाळला जातो. हुरडा, तुरीच्या शेंगा, पळकाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, गोवऱ्यांतले रोडगे, डिंकाचे लाडू. अग्नी प्रबळ असो वा नसो, माणूस कर्तव्यात कसूर करत नाही.

माशाचा कारभार नेमका उलटा. त्याला अंगची ऊब नाही. पाणी जेवढं गार, तेवढंच त्याचं रक्त गार. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीरातली सगळी कामं साधारण निम्म्या वेगाने चालतात. श्वास सावकाश, हालचाल सावकाश, आणि पचन तर फारच सावकाश. आपण पहाटे उठून गळाला लावून पाठवतो ते गांडूळ त्याच्यासमोर येतं, तेव्हा त्याचं परवाचं जेवण अजून पोटात असतं. आमच्या धरणांत नि तळ्यांत मुख्यतः रोहू, कटला नि मृगळ. यांना पंचवीस ते बत्तीस अंशांचं पाणी मानवतं. विसाच्या खाली उतरलं की त्यांचं जेवणावरून लक्ष उडायला लागतं. शेततळ्यात मासे पाळणारे हिवाळ्यात खाद्य हात आखडून टाकतात ते यामुळेच. मासा खात नाही, खाद्य तळाला बसून कुजतं आणि पाणी बिघडतं. म्हणजे ज्यांच्या पोटापाण्याचा हा धंदा आहे त्यांनीही माझं म्हणणं मान्य केलेलं आहे. आणखी काय पुरावा पाहिजे?

एवढं सगळं समजावून सांगितल्यावर आमच्या घरून एकच प्रतिक्रिया आली. "मग हे माहीत असून जाता कशाला?"

हा प्रश्न गैरलागू होता म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही.

मासा उपाशी बसतो त्याच सुमाराला आमच्याकडे मार्गशीर्ष लागतो, हाही एक योगच म्हणायचा. मार्गशीर्षात कित्येक घरांत वशाट चालत नाही. एरवीही सोमवार महादेवाचा, गुरुवार गजानन महाराजांचा, आणि शेगाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे गुरुवार मोडायची कुणाची छाती आहे? शनिवार मारुतीचा, नांदुऱ्याचा मारुती तर हमरस्त्याकडेला एकशे पाच फूट उंच उभा आहे, तो सगळ्या तालुक्याच्या ताटांत बघू शकतो. मधे एकादशी, मधे चतुर्थी. उरलेल्या वारांना पाण्यावर जावं तर मासा उपासाला बसलेला. घरात नि तळ्यात मिळून मांसाहाराचं पंचांग जुळवायचं म्हटलं तर आषाढातल्या लग्नाइतके थोडे मुहूर्त निघतात.

अशा वेळी माणूस भविष्याकडे वळतो. आमच्या जिल्ह्यात त्याचीही सोय आहे. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडायचा, भोवती धान्यं ठेवायची, मधे पापड, कुरडई, करंजी, भजी, वडा. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय दबलं ते पाहून पाऊस, पीक, राजा, सगळ्याचं भाकीत होतं. शेकडो वर्षांची ही परंपरा, राज्यभरातून लोक ऐकायला येतात. कपाशीचा भाव सांगतात, परचक्र सांगतात. पौषात येळगावच्या पाण्यावर रोहू कुठल्या बाजूला लागेल, याचा मात्र त्यात उल्लेख नसतो. एवढ्या भज्या-वड्यांत एखादी बोंबलाची फोड ठेवली असती तर बिघडलं काय असतं, असं माझ्या मनात येतं. पण अक्षय्य तृतीयेच्या दिवशी हे बोलून दाखवायची सोय नाही.

ती उणीव आमच्या गळवाल्या मित्रांनी भरून काढली आहे. यातल्या एकाच्या मोबाइलमध्ये हवेचा दाब दाखवणारं अ‍ॅप आहे. दाब चढला की मासा तळाला जातो, उतरला की वर येतो, असा त्याचा सिद्धान्त. थंडीची लाट आली की आभाळ निवळतं, दाब चढतो आणि हा मित्र पाण्याकडे पाहून असं उदास डोकं हलवतो की जणू माशांनी त्याला खासगीत कळवलंय. मी एकदा हिशोब करून पाहिला. हवेचा दाब पाच-दहा मिलिबारने चढला तर आपल्याकडे ती मोठी घडामोड. मासा पाण्यात नुसता वीतभर खाली गेला तरी त्याच्यावर त्याहून जास्त दाब वाढतो. दिवसातून कैक वेळा हातभर खाली-वर करणाऱ्या प्राण्याला या मिलिबारांचं काय कौतुक? हे मी मित्राला सांगितलं नाही. त्याच्या अ‍ॅपची मलाही गरज पडते.

दुसऱ्याची भिस्त आमिषावर. थंडीत कणकेत हिंग घालावा, असं तो म्हणतो. का, तर पचन. म्हणजे माशाला पोटफुगी झाली आहे, असं गृहीत धरून त्याने उपचार सुरू केलेत. कुणी मेथी घालतं, कुणी केकमधलं व्हॅनिला. एकाने तर च्यवनप्राश लावून पाहिला. मासा आला नाही, पण नंतर उरलेला त्याने स्वतः खाल्ला आणि सर्दी बरी झाली म्हणाला.

राजेरजवाड्यांनाही या विषयाचं वेड होतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात मानसोल्लास नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाने मनोरंजन कसं करावं याच्या तपशिलात मत्स्यविनोद आहे. माशांच्या जाती कोणत्या, कुणाला काय चारावं, गळ कसा टाकावा, हे सगळं राजाने पद्यात घातलंय. आधी नोकरांकरवी मासे चारून माणसाळवायचे आणि मग महाराजांनी ऐटीत गळ टाकायचा. शिवाय संध्याकाळी 'आज काय मिळालं?' असं दारात विचारणारं त्याला कुणी नव्हतं.

जिल्ह्यातल्या पाण्यांचा मला चांगला अनुभव आहे. आमच्या घाटावर पडलेल्या पावसाची वाटणी होते. पैनगंगेचं पाणी पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागराला मिळतं. नळगंगेचं पूर्णा-तापीवरून अरबी समुद्राला. मासा न लागण्यात मात्र दोन्ही खोऱ्यांत काडीचा फरक नाही. सगळ्यांत सुरक्षित पाणी लोणारच्या सरोवराचं. उल्कापाताने झालेलं विवर, पाणी खारट आणि अल्कलीयुक्त, आणि त्यात मासा नाही अशी पिढ्यान्‌पिढ्यांची ख्याती. जून २०२० मध्ये तर ते पाणी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं आणि जगभरातल्या वर्तमानपत्रांत गेलं. तिथे गळ टाकून बसलं की कुणी नाव ठेवायला जागा नाही. पण ते पडलं अभयारण्य, गळ टाकायची बंदी. माझ्या योग्यतेचं एकमेव पाणी सरकारने राखून ठेवलंय.

थंडीच्या या भक्कम सबबीला पहिला तडा गेला तो अमेरिकेतल्या भाच्यामुळे. मिनेसोटात असतो. त्याने एक व्हिडिओ पाठवला. अख्खं तळं गोठलेलं, त्यावर गाड्या उभ्या, आणि एक गृहस्थ बर्फाला गिरमिटाने भोक पाडून स्टुलावर बसलेले. त्या भोकातून त्यांनी हातभर मासा ओढून काढला. खाली भाच्याने लिहिलं होतं, "मामा, इथे उणे वीस आहे. तुमच्याकडे?" आमच्याकडे त्या दिवशी अधिक अकरा होते. मी त्याला कळवलं, की पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, ते तळाला बसतं, बर्फ वर राहतो, त्यामुळे तुमचे मासे खाली ठीकठाक असतात; शिवाय ते जातीचेच थंड पाण्यातले. आमचा कटला, आमची रोहू उबदार मुलखातली लेकरं, त्यांची बरोबरी करू नकोस.

यावर अ‍ॅपवाल्या मित्राने, ज्याने खरं म्हणजे माझ्या बाजूने बोलायला हवं होतं, मध्येच तोंड घातलं. म्हणाला, कटला-रोहू मूळची आपली कुठे? ती गंगेच्या खोऱ्यातली. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवून आणली, पुढे बीज मुबलक तयार व्हायला लागलं आणि देशभर धरणाधरणांत सोडलं गेलं. गंगेकाठची पौषातली थंडी आपल्यापेक्षा किती कडक, ठाऊक आहे ना? म्हणजे आपले मासे उत्तरेतून आलेले, थंडी कोळून प्यालेले.

मित्रांनी इतकं वाचन करू नये.

पण खरा घाव घातला तो एका भोईबाबांनी. चिखलीकडच्या रस्त्याला एक तळं आहे. तिथली मासेमारी गावच्या मच्छीमार संस्थेकडे, आणि संस्थेच्या माणसाला विचारून मी अधूनमधून एका कडेला बसतो. तो ना म्हणत नाही. संस्थेचं माझ्यामुळे काही नुकसान होतं, असा त्याचा अनुभव नाही.

पौषातली सकाळ होती. पाण्यावर वाफ. बोटं अशी आखडलेली की गळात गांडूळ ओवताना कोण कुणाला टोचतंय ते कळत नव्हतं. मोराच्या पिसाची दांडी पाण्यावर उभी करून मी बसलो. तासाभराने दांडीच्या शेजारी, अगदी दोन वितींवर, पाणी फुगलं. एक मरळ वर आली, काळं चपटं डोकं, तोंड उघडून हवेचा एक घोट घेतला नि सावकाश खाली गेली. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, थंडी असो की पाऊस. तेवढ्या वेळात तिने माझ्या दांडीकडे पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो. थोड्या वेळाने पुन्हा त्याच जागी आली, घोट घेतला, गेली. जागा बदलण्याइतकीही तिला माझी दखल घ्यावीशी वाटली नाही.

उन्हं चांगली वर आल्यावर, अकराच्या सुमारास, एक म्हातारे भोईबाबा आले. अंगावर घोंगडी, हातात साधी बांबूची काठी, डब्यात काहीतरी. माझ्याकडे नि माझ्या पिशवीकडे त्यांनी एकाच नजरेत पाहून घेतलं.

"सकायपासून बसेल दिसता, भाऊ."

"हो बाबा. काय करणार, थंडी फार. मासा खातच नाही."

"थंडी कोनाले वाजते? तुमाले का मासोयीले?"

"दोघांनाही."

"पान्यात हात घाला बरं."

घातला. सकाळी पेपरात पारा दहा छापून आला होता आणि हे पाणी चक्क कोमट लागलं. माझे हात पाण्यापेक्षा गार होते. पाणी हवेसारखं पटकन तापत नाही नि पटकन निवतही नाही. सकाळची ती वाफ त्यामुळेच. पेपरातला पारा हवेचा, आणि मासा काही हवेत राहत नाही. हे सगळं मला शाळेत शिकवलं होतं. पण बाबांनी ते माझ्या सबबीच्या मुळाशीच वापरलं.

"मंग," बाबा म्हणाले, "ते हाये तुमच्यापेक्षा गरम. तुमीच गारठले."

ते माझ्या शेजारी बसले नाहीत. सरळ चालत तळ्याच्या दुसऱ्या अंगाला गेले. तिथे काळ्या मातीचा उथळ काठ होता, सकाळपासून ऊन खात पडलेला. तिथे त्यांनी गळ टाकला, तोही माझ्या अर्ध्या आकाराचा, त्यावर हरभऱ्याएवढी पिठाची गोळी. मीही उठून मागे जाऊन उभा राहिलो. मला वाटलं दांडी बुडेल, डुबकन आत जाईल. तसं काही झालं नाही. दांडी उभीच होती, फक्त एकदा किंचित थरथरली आणि बोटाच्या पेराएवढी कलली. वारा असेल असं समजून मी सोडून दिलं असतं. बाबांनी मनगट उचललं. तळहाताहून थोडी मोठी मृगळ, रुपेरी, हळू हळू वळवळत वर आली.

"या दिसात मासोयी वढत नाही," ते गळ सोडवत म्हणाले. "तोंडात धरून बसते. तुमची दांडी सकायी हालली नसन काय?"

आता सकाळी हलली असेलही. त्या वेळी मी मफलर नीट करत होतो.

दुपारी एकपर्यंत बाबांच्या डब्यात रस्सा होईल एवढी मासळी जमली. जाताना त्यातल्या दोन चिलाप्या ते मला द्यायला लागले. मी घेतल्या नाहीत. स्वाभिमान म्हणून नव्हे, गुरुवार होता.

घरी परतलो तर स्वयंपाकघरातून कांद्याच्या फोडणीचा वास येत होता. आमच्याकडे एक व्यवस्था ठरून गेली आहे. मी सकाळी काठी उचलली की ही डब्यात बेसन किती उरलंय ते बघते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यावर एवढा निर्विवाद विश्वास तिने दुसऱ्या कुठल्याच बाबतीत टाकलेला नाही.

"काय मिळालं?"

"थंडी..." मी सुरुवात केली.

"थंडी तर सरत आली आता. संक्रांत होऊन गेली. महिन्याभरात ऊन तापायला लागेल. मग काय सांगाल?"

ही वेळ येणार याचा मला अंदाज होता, आणि मी तयारीत होतो. गार पाण्यात प्राणवायू जास्त मुरतो. पंधरा अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे दहा मिलिग्रॅम. पाणी तीस अंशांवर गेलं की साडेसात. म्हणजे वैशाखात माशाला धड श्वास घ्यायची मारामार. ज्याला श्वास पुरत नाही तो जेवायला कधी येणार? उलट जिवाच्या आकांताने खोल, गार जागा शोधत फिरतो. मी तिला आकड्यांसकट सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. झुणक्यावर झाकण ठेवलं.

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात मासे विणीवर येतात. अशा वेळी गळ टाकणं माणुसकीला धरून नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग किराण्याच्या यादीत बेसन पाच किलो लिहा."